रबरी बोट घेण्यापूर्वी तिचे कापड तपासा

सप्टेंबर २०२५ मध्ये सीना नदीला आलेला पूर आपण सर्वांनी पाहिला. करमाळा, माढा, मोहोळ, उत्तर आणि दक्षिण सोलापूर या तालुक्यांत नदी पात्र सोडून उसात, डाळिंबाच्या बागांत आणि घरांत शिरली. लांबोटीजवळ पाणी आल्याने सोलापूर-पुणे महामार्गही बंद ठेवावा लागला. एनडीआरएफची पाचवी बटालियन पुण्याजवळ सुदुंबरे येथे असते. तेथून सोलापूर अडीचशे किलोमीटरच्या घरात. रस्ता मोकळा असतानाही चार-पाच तास लागतात, आणि पुराच्या दिवशी नेमका रस्ताच अडलेला असतो.

तेव्हापासून आपल्या व्यापारी बांधवांत एक विचार वारंवार ऐकू येतो. मोहल्ल्यांच्या जमाती आणि बाजारपेठेतील मंडळी यांनी मिळून वर्गणी काढावी आणि पुराच्या कामासाठी हवा भरण्याची एक रबरी बोट घ्यावी, असा तो विचार. नियत नेक आहे. २०१९ च्या सांगली-कोल्हापूरच्या पुरात मशिदींनी दारे उघडली, अन्न शिजवले, आपल्या सोलापूरच्या चादरी वाटल्या. त्या कामाचा आपल्याला अनुभव आहे. पण चादर थोडी हलकी निघाली तर घेणाऱ्याला रात्री थंडी वाजेल, एवढेच. बोट हलकी निघाली तर तिच्यात बसलेल्या माणसांचे काय होईल हे सांगायला नको. म्हणून वर्गणीची पावतीपुस्तके छापण्यापूर्वी चार गोष्टी मांडाव्यात असे वाटले. प्रस्तुत लेखकाचा धंदा ताडपत्रीचा आहे, नदीचा नव्हे. त्यामुळे सुरुवात कापडापासून करतो, आणि त्याला कारणही आहे.

रबरी बोट म्हणजे रबराची बोट, असा सर्वसाधारण समज. वस्तुतः ती कापडाची बोट असते. पॉलिएस्टर किंवा नायलॉनचे विणलेले कापड आणि त्यावर दोन्ही बाजूंनी चढवलेला लेप. हवा धरून ठेवण्याचे काम लेप करतो, ताण सोसण्याचे काम कापड करते. ही गोष्ट सोलापूरच्या माणसाला समजावून सांगावी लागू नये. चांगल्या बोटीत ११०० डेसिटेक्सच्या सुताचे कापड वापरतात. डेनियर म्हणजे ९००० मीटर सुताचे ग्रॅममधले वजन आणि डेसिटेक्स म्हणजे १०,००० मीटरचे, त्यामुळे ११०० डेसिटेक्स हे जवळजवळ १००० डेनियर झाले. आपल्यातील जी मंडळी सुती मालात वाढली त्यांनी येथे जरा सावध राहावे. सुती काउंटमध्ये आकडा वाढला की सूत बारीक होते, येथे आकडा वाढला की सूत जाड होते.

विक्रेता मात्र सुताचे बोलत नाही. तो जीएसएम सांगतो. अमुक इतक्या जीएसएमचा माल आहे शेठ, डोळे झाकून घ्या. आता जीएसएम म्हणजे एका चौरस मीटरचे वजन, आणि त्यात लेपाचेही वजन आले. पातळ कापडावर पीव्हीसीचा जाड थर मारला तरी आकडा भरभक्कम दिसतो. ताडपत्रीच्या बाजारात ही चलाखी आम्ही वर्षानुवर्षे पाहत आलो आहोत. म्हणून जीएसएमवर समाधान मानू नये. सुताचा डेसिटेक्स, कापडाची एकूण जाडी, ताण्याच्या आणि बाण्याच्या दिशेने तुटण्याची ताकद, फाटण्याची ताकद, आणि लेप कापडाला किती घट्ट धरतो याची मोजणी, हे सर्व लेखी मागावे. जाडी बचावकामासाठी एक मिलिमीटरच्या वर, शक्यतो १.२ मिलिमीटर असावी. वीतभर तुकडा नमुना म्हणून मागून घ्यावा. कोपरा कापून लेप पकडीने सोलून पाहावा. सालासारखा निघून आला तर तो सौदा तेथेच सोडावा. शंका उरली तर मुंबईत घाटकोपरला बी.टी.आर.ए. ही वस्त्रोद्योगाची संशोधन संस्था आहे, अशा कापडांची तपासणी तेथे होते. बोटीच्या किमतीपुढे तपासणीची फी काहीच नाही.

लेपाचे मुख्य प्रकार दोन. एक पीव्हीसी आणि दुसरा ज्याला बाजारात अजूनही हायपॅलॉन म्हणतात तो. हायपॅलॉन हे मूळ ड्युपाँट कंपनीचे नाव. त्या कंपनीने हे उत्पादन २०१० मध्ये बंद केले. आज तोच रबराचा प्रकार दुसरे कारखाने बनवतात आणि त्याला सीएसएम म्हणतात. तेव्हा कोणी "अस्सल ड्युपाँटचा ताजा माल" असे सांगू लागला तर त्याच्या बाकीच्या बोलण्यावरही तेवढाच विश्वास ठेवावा.

पीव्हीसी स्वस्त असते आणि तिचे सांधे गरम हवेने वितळवून जोडता येतात. असा जोड चांगला झाला तर चिकटवलेल्या जोडापेक्षा भरवशाचा असतो. तिचे वैर उन्हाशी. आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यांत पारा बेचाळीसच्या पुढे जातो आणि पत्र्याच्या गोदामात आत काय होत असेल ते गोदामवाल्यांनाच विचारा. उन्हाने पीव्हीसीतील मऊपणा उडून जातो, ती कडक होते, घडीवर तडकते. सीएसएम ऊन, पेट्रोल आणि ऑइल अधिक सोसते. मात्र तिचे सांधे हाताने चिकटवलेले असतात, त्यामुळे कारागीर कसा आहे यावर सर्व अवलंबून. आमचे मत विचाराल तर, पैसा जमत असेल तर सीएसएम घ्यावी. जमत नसेल तर गरम जोडाची जाड पीव्हीसी घ्यावी आणि ती पक्क्या छताच्या, सावलीतल्या खोलीत ठेवण्याची हमी आधी घ्यावी. गोंदाने जोडलेली पातळ पीव्हीसीची, सहलीच्या तलावावर फिरवायची बोट कितीही स्वस्तात मिळाली तरी घेऊ नये. अशी एक बोट एका ट्रस्टने मोठ्या हौसेने घेतलेली आम्ही पाहिली आहे. नारळ, फोटो, भाषणे सर्व झाले. तिसऱ्या वर्षी गोदामातून बाहेर काढली तेव्हा घडीवर चिरा गेल्या होत्या आणि एका बाजूला उंदरांनी घर केले होते. बोट वर्षातले दहा महिने घडी होऊन पडून असते. ती पाण्यात कमी आणि गोदामात जास्त खराब होते. धुऊन, पूर्ण वाळवून, शंखजिऱ्याची पूड लावून, सैल गुंडाळून ठेवावी लागते, आणि दर दोन महिन्यांनी उघडून हवा भरून एक दिवस तशीच ठेवून पाहावी लागते.

हवेबाबतही आपल्या कारागीर बांधवांना सांगितले पाहिजे. पंक्चरच्या दुकानात मोटारीच्या टायरला तीस पौंडांच्या आसपास हवा भरण्याची हाताला सवय. बोटीच्या नळ्यांना लागते फक्त तीन-साडेतीन पौंड. कॉम्प्रेसरची नळी लावून चहा सांगायला वळलात तर परत येईपर्यंत सांधा उसवलेला असेल. पायाने दाबायचा भाता आणि कमी दाबाचा काटा हेच तिचे सामान. जास्तीची हवा आपोआप सोडणारी झडप असेल तर फारच बरे. दुपारच्या उन्हात भरून ठेवलेली बोट ताणली जाते आणि तीच पाण्यात उतरवली की थंड होऊन सैल पडते, म्हणून पाण्यात उतरवल्यावर पुन्हा एकदा दाब पाहावा. नळ्यांत आतून भिंती घालून वेगवेगळे कप्पे केलेले असावेत. तीन कप्पे ही कमीत कमी मर्यादा, बचावकामाला पाच असलेले चांगले. एक फुटला तरी बाकीच्यांवर माणसे काठाला आली पाहिजेत.

आणि फुटण्याचीच भीती आपल्याकडे जास्त आहे. सीनेचा काठ आठवून पाहा. वेडी बाभळ दोन्ही बाजूंनी दाटलेली. तिचा काटा चपलेतून पायात जातो. पूर आला की बोट नदीत कमी आणि शेतात जास्त चालवावी लागते. पाण्याखाली काटेरी तारेचे कुंपण असते, द्राक्षबागेचे लोखंडी अँगल आणि तारा असतात, विजेच्या पंपाच्या पेट्या असतात. यासाठी बोटीच्या पोटाला आणि नळ्यांच्या खालच्या अंगाला जादा कापडाचा पट्टा चिकटवलेला असावा. बैठक हवेची नको, अॅल्युमिनियमच्या किंवा जलरोधक प्लायच्या फळ्यांची असावी. कोणी विचारेल, मग सरळ फायबरची किंवा पत्र्याची बोट का घेऊ नये? प्रश्न रास्त आहे. काट्याला फायबर भीत नाही. पण रबरी बोट घडी करून छोटा हत्ती टेम्पोत जाते, चार माणसे उचलून बांधावरून पलीकडे नेतात, पाणी भरले तरी बुडत नाही, आणि घराच्या भिंतीवर आदळली तरी आतल्या म्हाताऱ्याचा हात चिरडत नाही. पंढरपूरला चंद्रभागेत कोळी बांधवांच्या होड्या आहेत, तेथे आणखी एक बोट नेऊन ठेवण्यात अर्थ नाही. माढा-मोहोळकडच्या गावांत, जेथे एरवी नदीला गुडघाभर पाणी असते आणि कोणाच्याही दारात होडी नाही, तेथे टेम्पोतून नेता येणारी बोटच उपयोगी.

लांबी किती? आमच्या मते साडेचार मीटरच्या आसपास. याहून मोठी बोट उचलणे कठीण आणि गावाच्या गल्लीत वळवणे त्याहून कठीण. याहून लहान घेतली तर चालवणारे दोघे-तिघे आणि सामान बसल्यावर सुटका करून आणायला जागा किती उरते? बोटीवरच्या पाटीवर माणसांचा आणि किलोंचा असे दोन्ही आकडे असतात. वाहत्या पाण्यात त्यापेक्षा कमीच माणसे घ्यावीत. ८ ऑगस्ट २०१९ रोजी सांगली जिल्ह्यात पलूस तालुक्यातील ब्रह्मनाळ येथे पुरातून माणसे काढणारी बोट उलटली आणि डझनाहून अधिक जीव गेले, त्यात बाया आणि मुले होती. बोटीत क्षमतेपेक्षा जास्त माणसे बसली होती. अडकलेल्या माणसाला "तुम्ही पुढच्या फेरीत या" असे सांगणे किती अवघड असते याची कल्पना आहे. पण बोट चालवणाऱ्याने ते सांगितलेच पाहिजे, आणि काठावरच्या पुढाऱ्याने त्याच्यावर दबाव आणता कामा नये.

आणखी एक गोष्ट खरेदी करताना कोणी मोजत नाही. ती म्हणजे पाण्यापासून नळीच्या माथ्यापर्यंतची उंची. २०१८ साली केरळच्या पुरात मलप्पुरम जिल्ह्यात एक मुसलमान मच्छीमार पाण्यात ओणवा झाला आणि त्याच्या पाठीवर पाय ठेवून स्त्रिया रबरी बोटीत चढल्या. ते चित्र देशभर गाजले आणि त्या बांधवाच्या खिदमतीचे कौतुक झाले, ते योग्यच. परंतु त्यातून खरेदी करणाऱ्याने एक धडा घ्यायला हवा होता. फुगलेल्या गुळगुळीत नळीवर साडी नेसलेली किंवा बुरखा घातलेली वयस्क स्त्री चढू शकत नाही. पट्ट्याची एक दोन पायऱ्यांची शिडी आणि नळीभोवती धरायला दोरी, एवढ्याने काम भागते. ती शिडी आपल्याकडचा कोणताही ताडपत्रीवाला तासाभरात शिवून देईल.

लाइफ जाकिटांचे मात्र तसे नाही. आपल्या सोलापुरात गणवेश शिवणारे कारखाने आहेत, शिलाई स्वस्त आहे, तेव्हा जाकिटेही येथेच शिवून घेऊ, असे बोलणे कानावर आले. कृपा करून हा विचार सोडून द्यावा. जाकीट किती न्यूटन उचलते याची मोजणी असते. पन्नास न्यूटनचे जाकीट पोहणाऱ्याच्या मदतीपुरते, शंभर किंवा दीडशेचे न पोहणाऱ्यासाठी. बेशुद्ध माणसाचे तोंड पाण्यावर राहील की नाही हे कॉलरच्या आकारावर आणि आतल्या फोमवर ठरते. केशरी कापडात थर्माकोल भरून ते होत नाही. बोटीचे कव्हर, पिशव्या, दोर टाकण्याच्या थैल्या, स्ट्रेचर, हे अवश्य शिवावे, त्यात चांगला धंदाही आहे. जाकिटे प्रमाणपत्र असलेलीच विकत घ्यावीत, आणि लहान मुलांच्या मापाची विसरू नयेत. पैसे कमी पडले तर बोटीचा विचार पुढच्या वर्षावर ढकलावा. जाकिटे आणि दोर एवढेच आधी घेतले तरी चालेल.

इंजिनाबद्दल थोडक्यात. पंचवीस ते तीस अश्वशक्तीचे बाहेरून लावायचे इंजिन पुरते. पंख्याभोवती जाळी किंवा कडे अवश्य हवे, कारण उसाचे पाचट, तारा आणि पाण्यात पडलेला माणूस या तिन्हींना पंखा सारखाच. हवा भरण्याच्या बोटींना आयएसओ ६१८५ हे मानक आहे आणि त्याचे वेगवेगळे भाग आहेत. १५ किलोवॅट, म्हणजे वीस अश्वशक्ती, आणि त्यावरच्या इंजिनासाठी तिसरा भाग लागू होतो. विक्रेता नुसते "आयएसओ आहे" म्हणाला तर कोणता भाग ते विचारावे. राजदूत आणि आरएक्स शंभर उघडण्यात ज्यांची उमर गेली अशा आपल्या मिस्त्रींना टू-स्ट्रोक इंजिन नवे नाही. नवे आहे ते पाण्याने थंड होणे. गाळाच्या पाण्यात आतल्या पंपाची रबरी चक्री झिजते, म्हणून ती सुटा भाग म्हणून दोन-तीन घेऊन ठेवावी, आणि प्रत्येक वापरानंतर पिंपात स्वच्छ पाणी भरून इंजिन त्यात चालवावे. इथेनॉल मिसळलेले हल्लीचे पेट्रोल ओल खेचते, ते टाकीत सहा महिने ठेवू नये. पंक्चरवाल्या बांधवांनी सायकलचे सोल्युशन आणि गरम पॅच विसरावे. पीव्हीसीला वेगळा गोंद लागतो, सीएसएमला वेगळा, दोन्ही दोन भाग मिसळून लावायचे. बोट घेतानाच विक्रेत्याकडून आपल्या दोन कारागिरांना एक दिवस शिकवून घेण्याची अट करारात घालावी.

आता पैशाचे. पहिली गोष्ट जकातीची. रमजानमध्ये जकात गोळा होते तेव्हा त्यातून बोटीला हात घालण्याचा मोह होईल. हनफी मसलकाप्रमाणे जकात हकदाराच्या मालकीची करून द्यावी लागते. बोट कोणाच्या मालकीची होत नाही, म्हणून जकातीचा पैसा तिला चालत नाही. लिल्लाह आणि इमदाद या खात्यांतून पैसा घ्यावा, खाते वेगळे ठेवावे, आणि उलेमांचा मशवरा आधी घ्यावा, पैसे खर्चून झाल्यावर नव्हे. दुसरी गोष्ट करांची. जीएसटीत नौकाविहाराच्या नौका वेगळ्या सदरात आणि जीवरक्षक नौका वेगळ्या सदरात येतात. २२ सप्टेंबर २०२५ पासून पहिल्यांवर ४० टक्के कर आहे, दुसऱ्यांवर ५ टक्के. विक्रेता बिलात कोणता एचएसएन क्रमांक लावणार हे दरपत्रकातच लिहून घ्यावे आणि आपल्या करसल्लागाराला दाखवावे. ज्यांचे दुकान जीएसटीत आहे त्यांना यातला फरक किती मोठा ते कळेल. तिसरे म्हणजे बोट केवळ आपल्या मोहल्ल्यांच्या नावाने असू नये. लिंगायत, पद्मशाली, मारवाडी व्यापारी आपले रोजचे गिऱ्हाईक आणि देणेकरी आहेत. त्यांनाही वर्गणीत घ्यावे आणि समितीतही घ्यावे.

सर्वांत मोठी अडचण बोटीची नाहीच, ती चालवणार कोण याची आहे. २३ मे २०२४ रोजी अकोले तालुक्यात सुगाव येथे प्रवरा नदीत बुडालेल्या तरुणांचा शोध घेताना एसडीआरएफची बोट उलटली आणि तीन जवान गेले. ती प्रशिक्षित माणसे होती. त्याच्या दोनच दिवस आधी, २१ मे रोजी, आपल्याच जिल्ह्यात कुगावहून कळाशीकडे जाणारी बोट उजनीच्या पाण्यात वादळी वाऱ्याने उलटून सहा जण बुडाले. प्रवरेत घात केला तो भोवऱ्याने. बंधाऱ्यावरून पडणारे पाणी खाली गोल फिरते आणि आलेली वस्तू परत बंधाऱ्याकडेच ओढते. सीनेवर आणि भीमेवर कोल्हापूर पद्धतीचे बंधारे जागोजागी आहेत. पुरात ते पाण्याखाली जातात, वरून नुसती एक लाट दिसते आणि नवख्याला काही कळत नाही. कोणत्या गावाजवळ कोणता बंधारा आहे याचा नकाशा बोटीबरोबर पाहिजे, आणि बंधाऱ्याच्या खालच्या अंगाला बोट न्यायची नाही हा नियम पाहिजे. आपल्या उत्साही नौजवानांना नुसता पोहण्याचा सराव आहे. तो विहिरीतला आहे. पंढरपूरच्या कोळी बांधवांपैकी दोघा-तिघांना रीतसर मानधन देऊन गुरू करावे, त्यांना नदी वाचता येते. जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाकडे बोट आणि माणसे यांची नोंद करावी, म्हणजे पुराच्या दिवशी कोणत्या गावाला जायचे हे तेथून ठरेल, मोबाइलवर आलेल्या निरोपावरून नव्हे. यांत्रिक नौकेची नोंदणी १९१७ चा जुना कायदा जाऊन आलेल्या २०२१ च्या अंतर्देशीय नौका कायद्याप्रमाणे करावी लागते, तीही बोट येण्यापूर्वी समजून घ्यावी. विमा बोटीचा आणि माणसांचा, दोन्ही.

खरेदीचा काळ हिवाळा. मे महिन्यात गेलात तर विक्रेता मागेल ती किंमत द्यावी लागेल आणि माल पाऊस संपल्यावर येईल. तीन ठिकाणची दरपत्रके घ्यावीत, किमतीचा शेवटचा तिसरा हिस्सा हातात राखून ठेवावा आणि बोट प्रथम हिप्परग्याच्या तलावावर न्यावी. पाटीवर लिहिलेल्या वजनाइतकी वाळूची पोती भरून, इंजिन लावून, ती तासभर फिरवावी. मग विक्रेत्याच्या माणसासमोर एका कप्प्याची हवा सोडून पोत्यांसह तिला काठापर्यंत आणायला सांगावे. त्या वेळी बोटीत तो स्वतः बसायला तयार आहे का, तेही पाहावे. उरलेल्या रकमेचा चेक त्यानंतर फाडावा.